चार मिलिमीटरचा पाऊस

मी एक जुना पर्जन्यमापक आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असलं तरी माझं काम साधं. माथ्यावर पत्र्याचं नरसाळं आणि पोटात झुलत्या दांडीवर दोन इवल्या वाट्या. पाण्याने एक भरली की कलंडते, दुसरी वर येते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. किती वेळा टक् झालं, तो आकडा आपोआप दूरच्या विमा कचेरीत पोहोचतो.

मला घडवणाऱ्या कारागिराने त्या वाट्या पाच वेळा तोलून पाहिल्या होत्या. “हा कधी चुकायचा नाही,” असं तो म्हणाला आणि मी जरा शेफारलो, हे कबूल करतो. मग शेतकी कचेरीच्या आवारात, साहेबांच्या खिडकीसमोर मला चौथऱ्यावर बसवलं. सुरुवातीला लोक मुद्दाम बघायला येत. पुढे नव्याची नवलाई ओसरली. पाखरं माझ्यावर बसून घाण करू लागली. शिपाईकाकांशिवाय कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

कुंपणापलीकडे दोन जावांचं अडीच एकर शेत होतं. नवरे शहरात ट्रकवर, त्यामुळे पेरणीपासून कापणीपर्यंत सगळं या दोघीच करायच्या. बांधावर टेकल्या की थोरली म्हणायची, “आपण आपली मजुरी धरत नाही ना, म्हणून शेती परवडते.”

“मग धरूच नका, जाऊबाई,” धाकटी म्हणायची. “धरली तर आधी आपल्यालाच कामावरून काढावं लागेल!”

थोरली दरवर्षी न चुकता विम्याचा हप्ता भरायची. नियम माझ्याच भरवशावर होता. हंगामात सलग वीस दिवस माझ्या पोटात टक् झालं नाही, तर भरपाई. शेतात येऊन पीक कोणी पाहायचं नाही.

एका वर्षी मक्याची कणसं भरायच्या ऐन वेळी पावसाने दडी मारली. पानांच्या सुरळ्या झाल्या. धाकटी रोज सकाळी कुंपणाशी येऊन दिवस मोजायची. “सतरा झाले,” ती एकदा म्हणाली आणि तिथेच खाली बसली. पीक तर हातचं गेलंच होतं. भरपाई मिळाली तर पुढची पेरणी होणार होती. नाहीतर शेत गोदामवाल्याला भाड्याने द्यायचं, असं घरात ठरलं होतं.

अठराव्या दिवशी वरचे साहेब तपासणीला येणार होते. शिपाईकाका पाण्याचा मग आणि फडकं घेऊन आले. “पाहुण्यांसमोर असा येणार होय? चल, तोंड धू,” असं म्हणत त्यांनी माझ्यावर पाणी ओतलं. धुण्याआधी मोजणी बंद करायची एक कळ असते. ते सांगणारं पुस्तक कपाटात कुलूपबंद होतं, आणि काकांना ते कोणी दाखवलंच नव्हतं. बरंचसं पाणी बाहेर सांडलं, पण ओंजळभर आत उतरलं. टक्, टक्, टक्. मला थांबता येईना. काकांनी मला लख्ख पुसलं आणि कौतुकाने पाहिलं.

त्यानंतर अकरा दिवस पुन्हा कोरडे गेले. मग खरा पाऊस आला, पण तोवर मका वाळून गेला होता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, पाठोपाठ विम्याचं पत्र आलं. अठराव्या दिवशी चार मिलिमीटर पाऊस, म्हणून भरपाई नाही.

थोरली ते पत्र घेऊन कचेरीत आली. “साहेब, त्या दिवशी आम्ही गाद्या उन्हात टाकल्या होत्या. पावसात कोणी गाद्या वाळत घालतं का?”

“बाई, यंत्र खोटं बोलत नाही,” साहेब म्हणाले.

शिपाईकाका चहा घेऊन दारात उभे होते. त्यांनी ट्रे खाली ठेवला. “साहेब, तो पाऊस माझ्या मगातला होता.”

काकांनी ते लिहूनही दिलं. महिन्याभराने उत्तर आलं, की नोंदलेला आकडा बदलता येत नाही. यंत्राला विनापरवानगी हात लावला म्हणून काकांची मात्र बदली झाली. जाताना ते माझ्यापासून चार हात लांबूनच गेले. मला फार वाईट वाटलं.

आता कुंपणापलीकडे सिमेंटची जमीन आणि पत्र्याचं गोदाम आहे. पाऊस पडला की तिथे नुसता आवाज होतो.

मित्रांनो, मी खोटं बोललो नाही. पण मला पाणी मोजता येतं, पाऊस ओळखता येत नाही. माझी निगा राखा, मला वेळेवर पुसा, पुस्तक वाचून पुसा. पण माझ्या आकड्यावर कुणाचं शेत ठरवणार असाल, तर आधी कुंपण ओलांडून त्या शेतात जा आणि मक्याचं एक पान हातात घेऊन बघा. पाऊस पडला की नाही, हे त्या दोघींना पक्कं ठाऊक होतं. त्यांचं कोणी ऐकलंच नाही.