टाकळीचा नकाशा

"काका, थांबा जरा. ते वरचं तसं नको."

मुंजाजी पेंटर शिडीवर होता आणि त्याने बारीक ब्रश दातांत धरला होता, त्यामुळे त्याला लगेच काही बोलता आलं नाही. खाली मैत्रेयी मोबाईल घेऊन उभी होती. ती परभणीच्या संस्थेची बाई. टाकळीत बसवलेल्या पाणी शुद्ध करायच्या मशीनचं सगळं काम तिच्याकडे होतं. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, पण बोलणं इतकं मऊ की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं.

मुंजाजीने ब्रश काढला. "कुठलं वरचं?"

"काश्मीर."

"काश्मीर नको?"

"नको म्हणजे... हवं, पण असं नको. मी काल भिंतीचा फोटो दिल्लीच्या ऑफिसला पाठवला होता ना, त्यांनी उलट हे पाठवलंय."

मुंजाजी उतरला. हात पायजम्याला पुसले, चष्मा लावला आणि मोबाईल लांब धरून बघितला. नकाशा भारताचाच होता, पण डोक्यावरून तुटक रेघ गेली होती, गोधडीला टाके घालावेत तशी. खाली मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं.

"हे कुनी काढलं?"

"त्यांच्या सरकारनं. म्हणजे ज्यांनी मशीन दिलंय त्यांच्या."

"चुकलंय त्यांचं," मुंजाजी म्हणाला आणि पुन्हा शिडी चढू लागला. त्याच्या बाजूने विषय मिटला होता.

त्याला राजकारणातलं कळत नव्हतं असं नाही. निवडणुकीत त्याने सगळ्याच पक्षांची चिन्हं रंगवली होती, तीही कधी कधी एकाच भिंतीवर. पण नकाशाची गोष्ट वेगळी. सेलू, जिंतूर, पाथरी, तिन्ही तालुक्यांतल्या शाळांवर त्याचे शंभरेक नकाशे होते. स्वतः तो नागपूरच्या पलीकडे कधी गेला नव्हता, तरी गुजरातचा जबडा आणि बंगालची बारीक मान त्याच्या हातात बसली होती. पुस्तक समोर लागत नसे. त्याची एक रीत होती. भिंतीच्या मधोमध ओळंबा सोडायचा, सगळ्यात वरचं टोक ठरवायचं आणि तिथून विती मोजत खाली यायचं. अमुक विती खाली दिल्ली, अमुक विती खाली मुंबई, आणि शेवटच्या वितीला कन्याकुमारी. वरचं चुकलं की खालचं सगळं गेलं, असं तो सांगायचा. पुढे फ्लेक्स आले, शाळांना छापील नकाशे मिळू लागले आणि ही विद्या बिनकामाची झाली. दोन वर्षांत त्याला मिळालेला हा पहिलाच नकाशा होता.

हौस सरपंच बजरंगची. मशीनच्या खोलीच्या भिंतीवर 'अमुक देशाच्या सौजन्याने' एवढीच ओळ यायची होती. त्या देशाचं नाव गावात कुणालाच धड उच्चारता येत नव्हतं, म्हणून गाव त्याला नुसतं परदेश म्हणत असे. बजरंग म्हणाला, "नुसत्या अक्षरानं काय व्हतंय नाना? भारताचा नकाशा काढा मोठ्ठा, आन् त्यात आपली टाकळी दाखवा. लाल ठिपका द्या. कळू द्या दुनियेला."

मुंजाजी वरवर "बघू" म्हणाला होता, पण आतून हरखला होता. इतक्या वर्षांत एकाही नकाशात त्याने टाकळी दाखवली नव्हती. कुठल्या गुरुजींनी दाखवू दिली असती? काल त्याने निळा समुद्र भरला, पिवळी जमीन भरली, आणि बाकीचं सगळं टाकून आधी तो ठिपका दिला. मग पाच पावलं मागे जाऊन बिडी ओढत त्याच्याकडे बराच वेळ बघत बसला.

आता मैत्रेयी खालून सांगत होती की फोटो मंजूर झाल्याशिवाय गुरुवारचा कार्यक्रम होणार नाही. कार्यक्रम नाही तर मशीन गावाच्या ताब्यात मिळणार नाही, आणि ते कुलपात राहील. मुंजाजीचा ब्रश तिथेच थांबला.

टाकळीच्या बोअरला पाणी भरपूर होतं. दिसायला स्वच्छ, चवीला चांगलं, आणि त्यात फ्लोराईड. गावातल्या पोरांचे दात पिवळे आणि म्हाताऱ्यांचे गुडघे वाकलेले, यात कुणाला नवल वाटेनासं झालं होतं. मुंजाजीची बायको सुमनबाई उभी राहिली तरी आता खाली बसणारच आहे असं वाटे. सेलूच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "गेलेलं परत येत नसतं. पाणी बदललं तर पुढचं थांबेल. नाही बदललं तर वर्ष-दीड वर्षात अंथरूण धरतील." मुंजाजी तेव्हापासून देवगाव फाट्यावरून सायकलला बांधून पाण्याचा जार आणायचा. सुमनबाई तो आल्यागेल्याला पाजायची, सुनेला द्यायची आणि स्वतः बोअरचं प्यायची. "मला त्येच गोड लागतंय," म्हणायची. यावरून त्यांची कितीतरी भांडणं झाली होती.

दुपारपर्यंत भिंतीपुढे बैठकच भरली. बजरंग आला. परदेशी पाहुणे येणार म्हणून बंदोबस्ताची चौकशी करायला परमेश्वर जमादार आला होता, तोही मोटारसायकल लावून थांबला. मैत्रेयीने सगळ्यांना पुन्हा समजावून सांगितलं.

"त्यांचं धोरण आहे ते. तो भाग कुणाचा, यावर त्यांचं सरकार काही बोलत नाही. त्यांच्या पैशातून झालेल्या वस्तूवर आपला नकाशा दिसला तर त्यांनी बाजू घेतली असा अर्थ होतो. मग त्यांच्या संसदेत प्रश्न विचारतात."

"टाकळीच्या भिंतीवरून?" बजरंगला जरा बरंच वाटलं.

"आमची कुठं काय बाजू इचारली त्यायनी?" मुंजाजी म्हणाला. "पानी द्यायलेत का नकाशा?"

"पाण्याचं धोरण वेगळं आहे, काका," मैत्रेयी म्हणाली आणि तिचं तिलाच ते कसंनुसं वाटलं.

बजरंगने हिशोबी डोकं चालवलं. "मी काय म्हनतो, गुरुवारपुरतं काढा त्यांच्यावानी. फोटो व्हऊ द्या, गाड्या फाट्यापल्याड गेल्या की आपल्यावानी करून टाका. तासाभराचं तर काम."

"सरपंच, माझ्यासमोर बोललात ते बरं झालं," जमादार म्हणाला. "तसा नकाशा भिंतीवर काढनं गुन्हा हाय. कुनी मोबाईलवर टाकला की झालं. मग मला यावंच लागंल. आन् नाव कुनाचं लिवू? तुमचं न्हाई, परदेशाचं न्हाई. काढनाऱ्याचं." त्याने मुंजाजीकडे बघितलं. जमादार मनाने वाईट नव्हता, त्याची मुलगी ज्या शाळेत होती तिथला नकाशा मुंजाजीचाच होता.

मग बजरंगला एकदम सुचलं. "हार घालू! झेंडूचा ह्यो एवढा जाड. वरच्या खिळ्याला लटकवला की डोकं झाकलं. ना त्यांचं, ना आपलं."

जमादाराला यात कायदेशीर काही खोट सापडेना. मैत्रेयीला हसू आलं, पण ती बाजूला जाऊन फोन लावून आली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"हार काढल्यावर खाली काय दिसेल, असं विचारतायत."

बैठक मोडली. उद्या दुपारपर्यंत काहीतरी कळवा, असं सांगून मैत्रेयी जीपने गेली. जमादार गेला, बजरंगही कुणाला तरी फोन लावत गेला. मुंजाजी एकटाच उरला. त्याने खोलीला वळसा घातला आणि मागच्या कोऱ्या भिंतीपुढे खडू घेऊन उभा राहिला.

त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यांच्यासारखाच काढायचा. गुन्हा तर गुन्हा. नाव लिहायचं तर लिहू देत. या वयात ठाण्याच्या बाकावर दोन दिवस बसलो म्हणून काय मरत नाही. सुमनने अंथरूण धरलेलं बघण्यापेक्षा ते परवडलं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर बजरंगने डोळ्यांत पाणी आणून भाषण केलं असतं.

त्याने ओळंबा सोडला. मोबाईलवरचा नकाशा त्याला आठवत होता. तुटक रेघ ओढली आणि तिथून विती मोजत खाली आला. दिल्ली भलतीकडे गेली. मुंबई पाण्यात पडली. टाकळीचा ठिपका त्याने हिशोबाने दिला, तर तो जाऊन बसला कर्नाटकात. त्याने बाहीने पुसलं. दुसऱ्यांदा आधी नेहमीसारखं पूर्ण डोकं काढलं, म्हणजे मापं बरोबर येतील, आणि मग वरचं खोडायला म्हणून हात उचलला. हात तिथे गेला आणि नुसताच राहिला. शंभर भिंतींवर जे केलं ते पुसायला हात तयार होईना. आपल्याला रडू येतंय की काय, असं वाटून तो स्वतःवरच चिडला.

"जेवायला कामून आला न्हाईत?"

सुमनबाई काठी टेकत आली होती. घरापासून इथवर चारशे पावलं. ती वाळूच्या ढिगावर बसली, म्हणजे जवळजवळ पडलीच, आणि पदराने तोंड पुसून भिंतीकडे बघू लागली. गावातून सगळं तिच्या कानावर गेलेलं होतं.

"माझ्या गुडघ्यापायी ठान्यात जाऊन बसू नका," ती म्हणाली. "आधीच सांगते."

"कोन बसायलंय?"

"मी वळखत न्हाई व्हय तुमाला." ती थांबली. मग काठीने भिंतीवरच्या वरच्या भागाकडे दाखवलं. "तितं मानसं ऱ्हात्यात का?"

"ऱ्हात्यात की. लय ऱ्हात्यात."

"त्यायला पानी हाय का बरं?"

मुंजाजीला ते माहीत नव्हतं. त्याने इतक्यांदा तो प्रदेश काढला होता, पण तिथे कुणी घागर घेऊन पाण्याला जात असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. "बर्फ असतंय म्हनं," तो म्हणाला.

"मग असंल पानी," सुमनबाई म्हणाली आणि उठायला लागली. काठी वाळूत रुतली. तिने एकदा जोर केला, दोनदा केला. मुंजाजीने दोन्ही हात धरून तिला वर घेतलं तेव्हा तिच्या गुडघ्यातून आवाज आला, आणि दोघांनीही तो ऐकला नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रेयी आली तेव्हा भिंतीवर पांढऱ्या रंगाचा एक हात बसला होता. मुंजाजीने सकाळीच डिस्टेंपर कालवला होता.

"नकाशाच नको," तो म्हणाला. "कोरी भिंत. तिच्यावर तर कुनाचं धोरन न्हाई ना?"

मैत्रेयीने मोबाईल वर धरला. तिने फोटो काढून पाठवला. तासाभराने फोन वाजला. पांढऱ्याखालून समुद्राचा निळा रंग डोकावत होता, आणि त्या निळ्यामुळे बाकीचा आकारही कळत होता. दिल्लीच्या ऑफिसने विचारलं होतं की अजून दिसतंय, त्याचं काय? मुंजाजीने दुसरा हात दिला. पुन्हा फोटो, पुन्हा फोन. फक्त तो लाल ठिपका तेवढा अजून जाणवतो, असं मैत्रेयी अगदी हळू म्हणाली.

"चांगल्या कंपनीचा लाल व्हता," मुंजाजी म्हणाला. "लवकर जात नसतो." आणि त्याने डबा ढवळून तिसरा हात दिला.

गुरुवारी मांडव पडला, हलगी वाजली. पाहुणा उंच आणि साधा माणूस होता. त्याने फेटा बांधून घेतला, कुठल्याही पुढाऱ्यापेक्षा कमी वेळ बोलला, आणि शेवटी भिंतीकडे वळून मैत्रेयीला काहीतरी विचारलं.

"काय म्हनायलेत?" बजरंग पुढे झाला.

"गाव नकाशात नेमकं कुठं येतं, असं विचारतायत."

बजरंगने पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. मैत्रेयीने मुंजाजीकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. मुंजाजी मांडवाच्या खांबाशी धुतलेला सदरा घालून उभा होता. त्याला राग आला नाही, उलट त्या माणसाने विचारलं याचं जरा बरंच वाटलं. मैत्रेयी इंग्रजीत दोन वाक्यं बोलली. पाहुण्याने मान हलवली आणि कळ दाबली.

मशीन घरघरलं. नळाला आधी हवा आली, मग पाणी. बजरंगने पाहुण्याला, पाहुण्याने जमादाराला, असा पहिला पेला फिरला, फोटो झाले, आणि मग गाव नळावर लोटलं. मुंजाजीने गर्दीत हात घालून एक पेला भरून घेतला आणि खुर्च्यांच्या मागच्या रांगेत नेला. सुमनबाईने तो दोन्ही हातांनी धरला. एक घोट घेतला आणि तोंडात तसाच ठेवून विचार केला.

"आळनी लागतंय," ती म्हणाली.

"लागू दे."

"चवच न्हाई वो याला."

मुंजाजी हलला नाही. तिच्या समोर उभा राहिला. सुमनबाईने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग औषध घ्यावं तसा डोळे मिटून सगळा पेला प्याली, पदराने ओठ पुसले आणि रिकामा पेला पुन्हा त्याच्यापुढे धरला.