रिकाम्या पेटीपुढचा दिवा

सकाळी दिव्यात तेल घालताना बजाबाईकडून चार थेंब खाली सांडले. आठ महिन्यांत एक थेंब सांडला नव्हता. करडईचं ते तेल तिच्या स्वतःच्या गाडग्यातलं होतं, आणि श्रावणापासून तिनं आपल्या चटणीवर तेलाचं बोटसुद्धा फिरवलं नव्हतं. तिनं पदरानं थेंब पुसले आणि मागं सरून दिव्याकडं पाहिलं. तांबड्या काचेत ज्योत रोजच्यासारखीच उभी होती. आज तिच्याच्यानं ती बघवेना.

हत्तरवाडीच्या ख्रिस्ती लोकांच्या देवळात आल्तारावर, म्हणजे वेदीवर, हातभर उंचीची एक पितळी पेटी होती. मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनेत, फादर पांढऱ्या पातळ भाकरीचा प्रसाद करतात, त्यातला उरलेला त्या पेटीत ठेवायचा. त्या प्रसादात साक्षात देव आहे, ही या लोकांची श्रद्धा. म्हणून पेटीत प्रसाद आहे तोवर पुढं दिवा जळायलाच हवा, असा नियम. दिवा जळतोय म्हणजे देव घरी आहे. विझला की उरल्या चार भिंती आणि वर पत्रा.

पेटी मात्र श्रावणापासून रिकामी होती, आणि ही गोष्ट अख्ख्या वाडीत एकट्या बजाबाईला ठाऊक होती.

तुम्ही म्हणाल, बाई लबाड. तर तसं नव्हतं. तिचा नवरा इथला मास्तर. फादर फिरतीवर असले की प्रार्थना चालवायची, पोरांना धर्माचे धडे द्यायचे, ही त्याची कामं. तो गेल्यावर झाडलोट आणि दिवा तिच्याकडं आला. वाडीचे थोमा फादर तीस वर्षं इथं राहिले, इथंच म्हातारे झाले आणि छातीच्या दुखण्यानं पार खचले. पुण्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपून उभी होती. जाण्याआधी त्यांनी शेवटचा मिस्सा केला, पेटीतला सगळा प्रसाद स्वतः घेतला, प्रसादाचं भांडं पुसलं आणि आतल्या खोलीत येऊन तिला हळूच म्हणाले, "बजाबाई, आत काही उरलं नाही. दिवा विझव आता."

ती विझवायला गेलीच होती. हात काचेपर्यंत पोचला होता. तेवढ्यात वाडीचा पंच कुंडलिक डोळे पुसत आत आला आणि दिव्याकडं बघून मागच्या रडणाऱ्या माणसांना म्हणाला, "रडू नगा. फादर गेलं तरी देव हितंच हाय की. दिवा हाय तवर हे देऊळ कोन बंद करतंय बघतो मी!" बायकांचे हुंदके थांबले. एवढ्या सगळ्यांच्या देखत ज्योतीवर बोट ठेवायची हिंमत बजाबाईला झाली नाही. उद्या विझवू म्हणाली. मग परवा म्हणाली. थोमा फादर पुण्यातच वारले आणि त्यांच्याबरोबर साक्षही गेली.

कार्तिकात बिशपांचं पत्र आलं. हत्तरवाडी आणि दीड कोसावरचं शिरगूर आता एक. दोन्ही गावांना मिळून एकच फादर, तेही नवे, चैत्रात येणारे, आणि देऊळ एकच, शिरगूरचं. शिरगूरचे लोक कानडी बोलणारे, त्यांच्या देवळावर कौलं, पुढं घंटा. वाडीवाले आधीपासूनच त्यांच्यावर खार खाऊन होते. पत्र ऐकल्यावर तर कुंडलिकाचा तिळपापड झाला. पण पत्रात एक ओळ होती. पेटीतला प्रसाद फादर स्वतः येऊन मिरवणुकीनं शिरगूरला नेतील आणि त्यानंतर वाडीचं देऊळ बंद होईल. म्हणजे दिवा होता तोवर देऊळ होतं. मग कुठला विझवायला होतोय हात!

रोज संध्याकाळी सोजरबाई आत्या काठी टेकत यायची. ऐंशीच्या घरातली बाई, डोळ्यांनी अधू. तांबडा ठिपका तेवढा दिसायचा तिला. ती पेटीपुढं मांडी घालून बसायची आणि शेजारणीशी बोलावं तसं मोठ्यानं देवाशी बोलायची. सुनेच्या चहाड्या सांगायची, कंबर धरल्याचं सांगायची. एकदा म्हणाली, "हाताला लई कळ येती रे बाबा. दळान हुत न्हाय. कुनाला तरी धाड." आतल्या खोलीच्या दाराआड बसलेल्या बजाबाईनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत्याच्या जात्यावर जाऊन बसली, ती आजतागायत. "त्येनंच धाडलं तुला," आत्या म्हणायची. बजाबाई मान खाली घालून जोंधळे जात्यात सोडायची.

आणि आज तो दिवस उजाडला होता. नवे फादर आले होते. शिरगूरचा मास्तर संगप्पा चार माणसं आणि चार काठ्यांचं पांढरं छत्र घेऊन आला होता. प्रसादावर ऊन पडू नये म्हणून वाटभर ते धरायचं होतं.

देवळाच्या पायरीशी कुंडलिक आपल्या माणसांना दबक्या आवाजात सांगत होता. बजाबाई झाडू घेऊन भिंतीच्या आडोशाला उभी होती, तिला शब्द न शब्द ऐकू आला.

"महिन्याखाली ह्यो संगप्पा बाकडी मोजाया आला हुता. घटकाभर एकटाच हुता आत. किल्ली माज्या गळ्यात हाय खरी, पर दोनी पेट्या एकाच कारखान्यातल्या. त्येंची किल्ली हितं लागती. आज पेटीत कमी निघालं तर समजायचं, ह्येनंच देव चोरून नेला. जित्ता सोडायचा न्हाय."

भिंतीला टेकवून ठेवलेल्या काठ्या बजाबाईनं तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. सात होत्या. शिरगूरकडच्या पोरांच्या हातातही छत्राच्या काठ्या होत्याच. संगप्पा बिचारा चिंचेखाली बसून टोपीनं वारा घेत होता. तिच्याकडं बघून हसला आणि आईला हाक मारावी तसं म्हणाला, "अव्वा, थोडं पाणी मिळंल का?" तिनं तांब्या आणून दिला तेव्हा पाणी त्याच्या हातापेक्षा तिच्याच लुगड्यावर जास्त सांडलं.

काहीतरी करायला हवं होतं. बजाबाईला सुचलं ते एकच. मिस्साच्या आधी फादर पापकबुलीला बसतात. ती रांगेत उभी राहिली आणि पाळी आल्यावर लाकडी जाळीशी गुडघे टेकून तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. थोमा फादर, दिवा, तेल, काठ्या, संगप्पा. आता फादर काय ते बघून घेतील, शिकलेला माणूस आहे, असं तिला वाटलं.

नवे फादर पुण्यात पुस्तकातून मराठी शिकले होते आणि पुस्तकासारखंच बोलत.

"बाई, हे आपण मला येथे का सांगितले?" ते कुजबुजले. "बाहेर सांगितले असते तर मी काही तरी केले असते. येथे ऐकलेले मी बाहेर वापरू शकत नाही. एका शब्दाने नाही, एका नजरेने नाही. मला काहीच माहीत नाही. मी जाईन आणि पेटी उघडेन."

मास्तराची बायको ती, हा नियम तिला पाठ होता. घाबरलेल्या माणसाला नेमकं तेवढंच आठवत नाही.

"मंग मी काय करू?"

"लोकांना सांगा. ते आपलेच काम आहे. किल्ली फिरण्याआधी सांगा."

"मारतील मला."

"शक्य आहे," फादर म्हणाले. त्यांनी क्षमेचे शब्द म्हटले आणि ती उठली. तिच्यामागं दोन्ही गावांची चाळीस माणसं उभी होती. त्यांचं आटोपल्यावर फादरना बाहेर एकटं गाठून पुन्हा सांगावं असं तिनं ठरवलं. पण फादर जाळीतून उठले ते थेट आतल्या खोलीत झगा चढवायला गेले, आणि कुंडलिक त्या दाराशी पहाऱ्याला उभा राहिला.

मिस्सा झाला. बजाबाईला त्यातलं काही ऐकू आलं नाही. प्रसाद घ्यायलाही ती पुढं गेली नाही. डावीकडं बायका, उजवीकडं बाप्ये, मागं शिरगूरचे. चैत्राच्या उन्हानं पत्रा तापून देवळाची भट्टी झाली होती. फादरनी हात पुढं केला. कुंडलिकानं गळ्यातल्या दोऱ्यासकट किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि मागं वळून संगप्पाकडं असं पाहिलं की तो छत्राची काठी धरून एक पाऊल मागं सरला.

फादर पेटीपुढं गुडघ्यावर आले. तेवढं पोथीत सांगितलेलं होतं. मग उठले. किल्ली भोकात गेली. सात जण दाराकडं सरकलेले बजाबाईला दिसले.

"थांबा," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही म्हणून पुन्हा ओरडली, "थांबा! पेटी रिकामी हाय!"

त्याच क्षणी कुंडलिक गरजला, "बगितलं? म्या म्हनलं न्हवतं?" आणि दोन ढांगांत जाऊन त्यानं संगप्पाची गचांडी धरली. छत्र कोसळलं, पोरं किंचाळली, दारातून काठ्या आत आल्या. संगप्पाला काय झालंय तेही कळत नव्हतं. तो कानडीत काहीतरी विनवत होता.

बजाबाई त्या गर्दीत घुसली आणि कुंडलिकाच्या मनगटाला लोंबकळली. "सोड त्येला! त्येनं काय बी केलं न्हाय. थोमा फादर गेलं त्याच दिशी पेटी रिकामी झाली. मला सांगून गेलं हुतं, दिवा इजव म्हनून. म्या इजवला न्हाय. म्या! ऐकलंस का? मला मार."

कुंडलिकाचे हात आपोआप सुटले. फादरनी किल्ली फिरवली आणि पेटीचं दार पुरतं उघडून सगळ्यांना दिसेल असे बाजूला झाले. आत घडी घातलेलं पांढरं फडकं होतं. दुसरं काही नव्हतं.

"दिवा विझवावा," ते म्हणाले.

बजाबाईनं काच काढली आणि दोन बोटांच्या चिमटीत वात धरली. चटका बसला. तांबडा उजेड गेल्यावर देऊळ तिला एकदम लहान वाटलं, भिंतीचे पोपडे दिसायला लागले. कुणीतरी बाई मोठ्यानं रडायला लागली.

"आठ म्हैने," कुंडलिक म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, ते जास्त वाईट होतं. "माजी लेक आजारी पडली तवा रातंदिस हितं डोकं टेकलं म्या. रिकाम्या डब्याफुडं. तुला ठावं हुतं, अन् तू बगत बसलीस."

देवळासाठीच केलं, तुमच्यासाठीच केलं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. तो तिच्या अंगावरून निघून गेला. त्याच्यामागं वाडीतली माणसं एकेक करून बाहेर पडली. बायकांनी जाताना लुगडी आवरून घेतली, बजाबाईला लागू नयेत म्हणून. बाहेर काठ्या टाकल्याचे आवाज आले. कुंडलिकानं गावाकडं तोंड फिरवलं नाही, तो शिरगूरच्या वाटेनंच चालायला लागला, आणि लोक त्याच्यामागं गेले. आता देऊळ तेच एक उरलं होतं, मग भांडायचं कशासाठी!

फादर आत झगा उतरवत होते. संगप्पा चुरगळलेला सदरा सारखा करत छत्र गोळा करत होता. पुढं जमिनीवर सोजरबाई आत्या मात्र होती तशीच बसून होती, जिथं तांबडा ठिपका असायचा तिकडं तोंड करून.

"बजे," ती म्हणाली. "मंग मी येवडं दिस कुनाशी बोलत हुते गं?"

बजाबाई तिच्याजवळ जाऊन खाली बसली. खोटं बोलायची ताकद आता तिच्यात नव्हती.

"माज्याशी, आत्या. मी दाराआड बसलेली असायची."

"समदं ऐकलंस?"

"व्हय."

"सुनंचं बी?"

"व्हय, आत्या."

म्हातारीनं तोंड तिच्याकडं वळवलं. "अन् दळान? त्येनं धाडलं न्हवतं तुला?"

बजाबाईला रडू कोसळलं. आठ महिने दाबून ठेवलेलं सगळंच वर आलं. "न्हाय, आत्या. मला लाज वाटली म्हनून आले मी."

संगप्पा छत्र काखेत मारून दाराशी थांबला होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि म्हातारीला शिरगूरपर्यंत दीड कोस चालायचं होतं. तो पुढं आला, तीन पोरांना हाक मारून त्यानं छत्र पुन्हा उघडलं आणि म्हणाला, "बर्री अव्वा, या. छत्र रिकामं न्यायचं कशाला?"

सोजरबाई काठीवर जोर देऊन उठली. दोन पावलं टाकली आणि छत्राखाली शिरण्याआधी थांबली. मागं वळून न बघताच तिनं काठीचं दुसरं टोक बजाबाईच्या दिशेनं पुढं केलं.

"धर की," ती खेकसली. "अन् डोळं पूस. तितं कानडी बायांत माजं कोन ऐकनार हाय? दळाया सकाळी बिगीनं येत जा."