रिकामी वाटी

रामनाथच्या आजोबांचा जन्म भाईंदरच्या मिठागरात समुद्रातून मीठ काढण्यात गेला. रामनाथ तेच मीठ, परदेशी, डब्यातलं, विकत आणतो आणि पाण्यात परत घालतो. केबिन रोडच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर, त्याने हॉलमध्ये समुद्र केला आहे. त्यात प्रवाळ आहेत, निळे दिवे आहेत आणि एक नारिंगी मासा आहे. नाव दाजी. बायकोच्या, सावित्रीच्या, बहिणीच्या नवऱ्यासारखाच तो कोपरा धरून बसतो आणि जेवण आलं की उठतो, म्हणून.

यंदा दाजीची जोडीदारीण गेली आणि तो जेवणालाही उठेना. असाच राहिला तर तोही जाणार, हे रामनाथला दिसत होतं. त्याने दुसरी आणली. पण सरळ टाकीत सोडली नाही. नव्या माशाबरोबर रोग येतो, म्हणून आधी त्याला वेगळा ठेवून बघतात. बाल्कनीत प्लास्टिकच्या टबात तिचा महिनाभर मुक्काम ठरला. टबाची जाळी वेगळी, बादली वेगळी, फडकं वेगळं. टबापाशी जाऊन आला की रामनाथ कोपरापर्यंत हात धुवायचा. या घराने सुतकसुद्धा इतक्या शिस्तीत पाळलं नव्हतं.

सावित्रीला ते रुचलं नाही. नवीन माणूस दारात आलं की भाकरतुकडा ओवाळायचा, पायांवर पाणी घालायचं आणि आत घ्यायचं. आमच्याकडे क्वारंटाइन तेवढंच, असं तिने मला जिन्यात सांगितलं. तरी नवरीला टाकीत सोडायचा विचारही तिने केला नाही. रामनाथचा शब्द ती मोडत नाही, फक्त वाकवते.

तिसऱ्या आठवड्यात नवरीच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. रामनाथला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं. वेगळी ठेवली म्हणून दाजी वाचला, हे तो तीनदा बोलला. तिसऱ्यांदा सावित्री खाली बसली.

"अहो, मी रोज दाजीच्या टाकीतलं वाटीभर पाणी तिच्या टबात घालत होते. नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे जाते ना, तसं. ओळख व्हावी म्हणून."

"तिकडून इकडे ना? मग चालतं."

"येताना वाटी रिकामी कशी आणणार?"

रामनाथने टाकीच्या काचेला नाक लावून पाहिलं, दाजीच्या शेपटीवरही दोन ठिपके होते. मग म्हणाला, "आईनेही हेच केलं असतं."

मोठ्या टाकीत औषध घालता येत नाही, प्रवाळ मरतात. म्हणून दाजीलाच काढून बाल्कनीतल्या टबात नेलं. औषध दोघांना मिळून. टाकी मात्र बिनमाशांची ठेवायची, म्हणजे अंग मिळालं नाही की रोग आपोआप मरतो. आता हॉलमध्ये क्वारंटाइन आहे ते समुद्राला.

पहिले दोन दिवस दाजीने टबातही कोपरा शोधला. गोल टबात कोपरा नसतो. तिसऱ्या दिवशी सावित्रीने कोलंबीचा तुकडा टाकला, नवरी झेपावली, आणि आपल्या वाटणीचं जातंय हे बघून दाजी उठला. दोघांचे ठिपके गेलेत, पण हॉलमधलं घर मोकळं व्हायला वेळ आहे. रामनाथ-सावित्रीने खुर्च्या बाल्कनीत आणल्यात. चहा तिथेच होतो. हॉलमध्ये प्रवाळांसाठी निळे दिवे लागतात, बघायला कोणी नसतं.

ती वाटी रामनाथने घासून माळ्यावर टाकली. सावित्रीने स्टूल घेऊन तिच्यात चार दाणे तांदूळ ठेवले.