पहिल्या वर्षीचे गुण

जुलैत सराव शिबिर सुरू झालं की पहिल्याच दिवशी टोलीडो ड्रेजर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या खेळाडूंची डोक्याची परीक्षा व्हायची. मैदानावरची नव्हे, कॉम्प्युटरसमोर बसून द्यायची. पडद्यावर शब्द दिसत, ते लक्षात ठेवायचे. आकृत्या दिसत, त्या पुन्हा आल्या की ओळखायच्या. लाल ठिपका उमटला की बटण दाबायचं. पुढे हंगामात कुणाच्या डोक्याला मार बसला की त्याला तीच परीक्षा परत द्यावी लागे. जुलैपेक्षा गुण घसरले तर गडी बाकावर, आणि बाकावर बसलेल्याची जागा पटकावायला दहा जण टपलेलेच असत. म्हणून जुलैतच मुद्दाम कमी गुण पाडायचे, म्हणजे नंतर घसरायला जागाच उरत नाही. हे या धंद्यात सगळ्यांना माहीत होतं. परीक्षा घेणाऱ्यांनाही होतं, फक्त ते माहीत नसल्यासारखं करत.

थॅडियस फोंटेनोला ही युक्ती शिकवली ग्लेन हॅव्हरकॅम्पनं. ग्लेन संघाचा फिजिओ. खेळाडूंचे घोटे बांधणं, खांदे जागेवर बसवणं आणि घरच्या चिठ्ठ्या-निरोप पोचवणं, ही त्याची कामं. थॅड बावीस वर्षांचा, लुइझियानातून नुकताच आलेला, बापाच्या वयाचा हा माणूस त्याला देवासारखा भेटला.

"हे बघ पोरा," ग्लेन म्हणाला होता, "फार वाईट देऊ नकोस. यंत्र पकडतं. चारातला एक शब्द विसर. ठिपका दिसला की मनात एक म्हण आणि मग दाब. शहाणपणा इथं दाखवायचा नाही, तो रविवारी सामन्यात दाखव."

थॅडनं तसंच केलं. त्या वर्षीच्या कागदावर त्याचे गुण असे आले, की शाळेत वर्गात पहिला येणाऱ्या त्या पोराच्या आईनं ते पाहिले असते तर मास्तरांकडेच गेली असती. खाली परीक्षकाची सही होती ग्लेनची.

पुढची नऊ वर्षं थॅड बचावफळीच्या बरोबर मधे उभा राहिला. समोरच्या संघाची रचना बघायची, ते चेंडू घेऊन पळणार की फेकणार ते ओळखायचं, आणि चेंडू हलायच्या आत आपल्या दहा जणांना ओरडून जागा बदलायला लावायच्या, हे त्याचं काम. तीनशेच्या वर इशारे त्याला तोंडपाठ होते. समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, जीभ ओठावरून फिरवतो तेव्हा फेकतो, असलं काहीबाही तो टिपून ठेवी. अंगानं त्याच्यापेक्षा दांडगे पुष्कळ होते. थॅडला लोक घाबरत ते डोक्यामुळे. आणि तेच डोकं तो रविवारी साठ-साठ वेळा दुसऱ्याच्या हेल्मेटवर आपटत होता.

सात वेळा त्याला मैदानाबाहेर आणून त्याची ती परीक्षा घेतली गेली. एकदा तर तो कोणत्या गावात खेळतोय तेही त्याला आठवत नव्हतं. सातही वेळा गुण जुलैइतकेच भरले. "पास!" म्हणून ग्लेन त्याच्या पाठीवर थाप मारी, आणि तो परत आत जाई.

आता तो अडतीस वर्षांचा होता. ओपेलूसासला, आपल्या गावी राहत होता. बोलता बोलता त्याचे शब्द हरवत. दुकानात जाऊन कशाला आलो ते विसरे. चालताना एखादा पाय भलतीकडे पडे. गावानं त्याचा सोपा अर्थ लावला: फोंटेनो प्यायला लागला. चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यानं तर त्याला बाजूला घेऊन, दारू सुटायची असेल तर अमक्या दिवशी बैठक असते, असं प्रेमानं सांगितलं. आयुष्यात बिअरचा दुसरा डबा न उघडलेला माणूस तो. त्या दिवशी घरी येऊन तो रडला.

म्हणून त्यानं जुन्या खेळाडूंच्या दुखापतींचे दावे बघणाऱ्या मंडळाकडे अर्ज केला. उपचार मिळाले तर हवेच होते. पण त्याहून त्याला एक कागद हवा होता, त्यावर लिहिलेलं हवं होतं की हे खेळानं झालंय. मंडळानं जुनं दप्तर काढलं आणि त्यात सोळा वर्षांपूर्वीचे ते गुण निघाले. इतके कमी गुण आधीपासूनच असतील तर खेळानं काय बिघडवलं, असं त्यांनी पत्रात विचारलं.

आता सगळं ग्लेनच्या साक्षीवर होतं.

ग्लेन दर वसंतात मासे धरायला थॅडकडे येई. याही वर्षी आला. अंगणात टेबलावर वर्तमानपत्रं पसरून थॅडच्या बायकोनं, शेरीसनं, उकडलेल्या क्रॉफिशचा, गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचा, ढीग ओतला होता. थॅडनं पत्र पुढे केलं. ग्लेननं तिखटानं लाल झालेली बोटं पुसली, पत्र वाचलं आणि हसला.

"एवढंच ना? त्या कागदावर सही कुणाची आहे? माझी. मी येऊन सांगतो, की पोराला मीच सांगितलं होतं."

"म्हातारबा, तुझी नोकरी जाईल," थॅड म्हणाला.

"दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. गेली तर गेली! नऊ वर्षं तुझी हाडं मी बांधली, आणि आता तोंड शिवून बसू होय?"

शेरीसनं उठून त्याच्या ताटात आणखी मका आणि बटाटे वाढले. त्या माणसाला तिनं सख्ख्या सासऱ्यासारखं जेवू घातलं होतं, वर्षानुवर्षं.

सुनावणीच्या आठवडाभर आधी मंडळाच्या डॉक्टरांनी थॅडची तीच परीक्षा पुन्हा घेतली. खरं तर गावातल्या एका वकिलानं त्याला सांगून ठेवलं होतं, की फार जीव काढू नका, गुण कमी पडले तरच अर्ज टिकेल. पण थॅड आता लबाडीला विटला होता. आयुष्यात एकदा तरी ही परीक्षा सरळ देणार, असं त्यानं ठरवलं. दात-ओठ खात, घाम गाळत त्यानं एकेक शब्द धरून ठेवायचा प्रयत्न केला. बाहेर आला तेव्हा शर्ट भिजला होता. "बरी गेली," तो शेरीसला म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

सुनावणी टोलीडोच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात, सकाळी दहा वाजता होती. लांब टेबलापलीकडे तिघं जण. मधल्या बाई, मिसेस ऑल्टमन, बोलायला शांत आणि सभ्य होत्या. त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"मिस्टर फोंटेनो, हे तुमचे पहिल्या वर्षीचे गुण, आणि हे गेल्या आठवड्यातले. जवळजवळ सारखेच आहेत. उलट आताचा एक गुण जास्तच आहे."

थॅड कागदांकडे बघत राहिला. तेव्हा त्यानं मंदपणाचं सोंग आणलं होतं, आणि आता सगळा जीव लावून तो बरोबर त्याच जागी येऊन पोचला होता. हे समजायला त्याला थोडा वेळ लागला.

"तेव्हाचे खोटे आहेत," तो म्हणाला. "ग्लेनला विचारा. त्यानंच शिकवलं."

ग्लेन कोपऱ्यातल्या खुर्चीवर होता. क्लबनं दिलेला निळा कोट घालून आला होता. शेजारी क्लबचा वकील. ते दोघं एकाच गाडीतून उतरले, हे शेरीसनं खिडकीतून पाहिलं होतं, पण थॅडला सांगितलं नव्हतं.

"मिस्टर हॅव्हरकॅम्प," ऑल्टमनबाईंनी विचारलं, "तुम्ही खेळाडूंना ही परीक्षा मुद्दाम वाईट द्यायला सांगत होता का?"

"नाही, मॅडम."

"म्हणजे हे गुण खरे?"

"खरे." ग्लेननं घसा खाकरला. "थॅड माणूस म्हणून लाखात एक. ताकद तर विचारूच नका. पण डोक्यानं तो पहिल्यापासून जरा मंदच. आम्ही सगळे त्याला सांभाळून घ्यायचो."

थॅडला आधी वाटलं, आपल्या डोक्यानंच काहीतरी घोटाळा केला, ग्लेन दुसरंच बोलला असणार. त्यानं शेरीसकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्याला कळलं की बरोबरच ऐकलं.

"अरे, बचाव मी चालवायचो!" तो उठून उभा राहिला. "माझ्या हेल्मेटमधे रेडिओ होता. अकरा जणांत एकाला देतात तो. मंदाला देतात का, मॅडम? विचारा त्याला!"

ग्लेन टेबलाकडे बघत म्हणाला, "कानात कोच सांगायचे. तो पुढे ओरडायचा."

"कोचचा आवाज चेंडू हलायच्या पंधरा सेकंद आधी बंद होतो, म्हाताऱ्या! पुढचं कोण बघायचं? थांबा, मी म्हणूनच दाखवतो. तीन जण उजवीकडे एकत्र उभे राहिले, की आपला इशारा... इशारा..."

तो थांबला. हात हवेत तसाच. उजवा हात मुठीत वळला, उघडला, पुन्हा वळला. बोटांना काहीतरी आठवत होतं, तोंडाला आठवत नव्हतं. मिसेस ऑल्टमननी अर्धं मिनिट वाट पाहिली आणि मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "बसा, मिस्टर फोंटेनो. काही हरकत नाही." त्या बाईंना त्याची कीव आली होती. इतक्या वर्षांत धक्के, बुक्के, शिव्या सगळं खाल्लेल्या त्या माणसाला ही कीव सहन झाली नाही.

अर्ज फेटाळल्याचं त्यांना तिथेच सांगण्यात आलं.

बाहेर पार्किंगमधे ग्लेन त्यांच्या गाडीपाशी उभा होता. एकटाच. केसानं गळा कापून वर सांत्वनाला उभा राहणारी ही जात मी पुष्कळ पाहिली आहे. त्यांना आपलं मन मोकळं करायचं असतं, तेही आपल्याच खांद्यावर.

"थॅड, समजून घे रे. माझं लायसन्स काढून घेतलं असतं. तू एकटा नव्हतास, शंभर पोरं होती. सगळे उठले असते माझ्यावर. आणि माझ्या बायकोची तब्येत तर तुला..."

"मला तुझी नोकरी नकोय," थॅड म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "कागद गेला तो गेला. तू फक्त हिला सांग. इथंच. की मी मंद नव्हतो."

ग्लेनची नजर शेरीसच्या हातातल्या फोनवर गेली.

शेरीसच्या ते लक्षात आलं. तिनं गाडीचं दार उघडलं, फोन आत सीटवर टाकला आणि दार लावून घेतलं. मग दोन्ही रिकामे हात त्याच्यापुढे धरून उभी राहिली. "बोला," ती म्हणाली. "इथं कुणी लिहून घेत नाहीये."

ग्लेननं हॉटेलच्या दाराकडे पाहिलं. क्लबचा वकील तिथं उभा राहून पाण्याची बाटली उघडत होता, इतक्या लांब की ओरडूनही त्याला नीट ऐकू गेलं नसतं. ग्लेनचे ओठ हलले. मग त्यानं थॅडच्या दंडावर हात ठेवला.

"फार भारी खेळलास तू, पोरा," तो म्हणाला आणि वळून चालू लागला.

शेरीस गाडीत बसून चावी फिरवत होती तरी थॅड उभाच होता. शेवटी ती उतरून त्याच्याजवळ आली आणि त्याचा हात धरला.

"शेरीस," तो म्हणाला, "आपली भेट झाली तेव्हा मी पाच वर्षं खेळलो होतो. त्याच्या आधीचं तुला काय माहीत? ग्लेनलाच माहीत. तो म्हणाला तेच खरं नसेल ना?"