नावामागे उभा केलेला 'थांब'

मी 'थांब' बोलतोय. पुस्तकाची पानं जुळवणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा मी हुकूम. काम सुरू करताना माणसं फाइलच्या नावासोबत मला टाइप करतात. पहिली चूक दिसली की काम तिथल्या तिथे तोडायचं, एवढंच मला येतं. पण मला नावाच्या आधी लिहावं लागतं. नंतर लिहिलं तर माझं कोणी ऐकत नाही, आणि मी वाया गेलो हेही कोणी सांगत नाही. मला असं घडवणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही.

अपिया या बेटावरच्या शहरातल्या इओपूलाही नाही. त्याच्या छापखान्यात मी राबतो.

त्याचे काका लेउतू हे गावचे मताई, म्हणजे प्रमुख. वादळात होडी घेऊन गेले. होडी परत आली, ते आले नाहीत. देहच नव्हता, म्हणून प्रार्थनेच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर त्यांचा फोटो छापायचा होता. निरोप त्या फोटोलाच द्यायचा होता.

फाइलला इओपूने काकांचंच नाव दिलं. आमच्याकडे मताईंच्या आधी कोणी कावाच्या, म्हणजे मानाच्या पेयाच्या, पेल्याला हात लावत नाही. म्हणून आधी नाव, मग मी.

फोटो भलत्याच फोल्डरमध्ये राहिला होता. मी मागून ओरडत होतो. फोटो सापडत नाही, काय करू, असं सॉफ्टवेअरने विचारलंसुद्धा. इओपूने न वाचताच एंटर दाबलं. तुम्ही सगळे असेच. वाचायला तुमच्या जिवावर येतं.

सकाळी लेउतूंची बायको, माकेरिताकाकू, आल्या. पुस्तिकांचा गठ्ठा तयार होता. पहिल्या पानावरच्या रिकाम्या चौकटीवर त्या तळहात ठेवून बसल्या.

"समुद्राने देह दिला नाही. तू चेहराही ठेवला नाहीस होय रे?"

इओपूने चूक शोधली. मान खाली घालून म्हणाला, की 'थांब' आधी लिहायला हवं होतं, पण काकांच्या नावाआधी काही लिहायला हात होईना. फाइलचं नावच बदलतो म्हणाला.

"नको," काकू म्हणाल्या. "त्या सकाळी होडीपाशी अख्खं गाव होतं. ह्यांच्यासमोर उभं राहून थांबा म्हणायला कोणी धजलं नाही. मीसुद्धा नाही. लिही ते आधी."

त्याने लिहिलं. मी काम थांबवलं. मग फोटो शोधला गेला, आणि लेउतू कागदावर आले.

माझे आभार मानू नका. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्या नावाआधी मला उभं करत जा. नंतर मी नुसती अक्षरं आहे.