फितीवरचा सुखराम

मी स्वभावानं तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकतो. रेडिओ केंद्राच्या टेप लायब्ररीत अकरा वर्षं काढली की कुणीही तिरसट होईल. दिवसभर दुसऱ्यांचे आवाज ऐकायचे, आणि आपण जरा तोंड उघडलं की साहेब म्हणणार, मोतीलाल, हळू.

१९७० च्या जानेवारीत साहेबांनी फर्मान काढलं. जुन्या फिती ऐका, कामाच्या असतील त्या ठेवा, बाकीच्या पुसून टाका; नव्या रेकॉर्डिंगला फिती पुरत नाहीत. केंद्र हिंदी मुलखातलं आणि मी मूळचा बालाघाटकडच्या कटंगीचा, घरी मराठी बोलणारा, म्हणून मराठी डबे माझ्याच गळ्यात पडले. बहुतेक डब्यांत भातावरच्या किडीची भाषणं होती. ती मी आनंदानं पुसली.

एका डब्यावर लिहिलं होतं, ‘सुखराम, सनईवाले, बालाघाट, १९५८’. कुणी अधिकारी मशीन घेऊन बालाघाटला गेला होता आणि त्यानं या माणसाची मुलाखत घेतली होती. बारा वर्षांत ती कुणी ऐकली नव्हती. मी फीत लावली, आणि कपातला चहा निवून गेला तरी उठलो नाही.

"लोकाच्या घरी लगन राहे," सुखराम सांगत होता. "सनई मांडवात आयकू जाये, पन सनईवाला मांडवात जाऊ शकत नव्हता. जेवन बाहेर, उकिरड्यापाशी. छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली, घरी आलो, आन् दुसऱ्याच दिवशी सनई वैनगंगेत टाकली. माह्यासंगं सूर धरनारा डोमाजी होता. तो म्हने, पोट कसं भरन? मी म्हनलो, भरन. त्याचीबी टाकायले लावली."

"आता एक डाव वाजवून दाखवता काय?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"नाही जी."

"आम्ही दुसरी आणून देतो."

"नाही. डोमाजीले सबद देल्ला हाय. मरेपर्यंत तोंडाले लावनार नाही."

मला भरून आलं. ती फीत मी तीनदा ऐकली. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण दोन दिवसांनी १९५४ चा एक डबा सापडला. कुठल्याशा जत्रेतली सुखरामची सनई. काय सनई होती! अशा वाजवणाऱ्याची मुलाखत सनईवाचून ऐकवायची, म्हणजे नवरदेवावाचून वरात काढायची. सोडून दिलेली सनई पुन्हा ओठाला लागते, केवढं सुंदर, असं मला वाटलं. ब्लेडनं फीत तिरपी कापायची आणि चिकटपट्टीनं जोडायची, यात माझा हात धरणारा केंद्रात कुणी नव्हता. ‘वाजवून दाखवता काय?’ या प्रश्नानंतरचा नकार आणि तो सबद मी कापला. तिथं सनई जोडली. जोड कानाला कळत नव्हता. कापलेले तुकडे टोपलीत गेले आणि जत्रेच्या उरलेल्या फितीवर त्याच आठवड्यात खतांची माहिती भरली.

सुखराम जिवंत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. आम्हा टेपवाल्यांना फितीवरची माणसं मेलेलीच वाटतात.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी ती मुलाखत लागली. निवेदनात साल सांगितलं नाही. शिळं म्हटलं की लोक रेडिओ बंद करतात, असं साहेबांचं मत. साहेबांनी पहिल्यांदाच माझी पाठ थोपटली आणि मी दोन दिवस छाती काढून हिंडलो.

आठव्या दिवशी बालाघाटहून पोस्टकार्ड आलं. सुखरामच्या मुलीचं, अंजनाचं. अक्षर शाळकरी, पण सरळ.

‘माझे वडील जिवंत आहेत. आमच्या वॉर्डात सगळ्यांनी तुमचा कार्यक्रम ऐकला. बाबा आत्ता कुठंतरी जाऊन वाजवून आले असंच सगळ्यांना वाटलं. डोमाजीकाका वाजवणं सोडून वारासिवनीच्या राइस मिलमध्ये लागले होते. कोंड्याच्या धुळीनं त्यांची छाती गेली, त्रेसष्ट साली ते वारले. त्यांच्या बायकोनं, आनंदीकाकूंनी, तेव्हाही बाबांना बोल लावला नाही. आता दारात येऊन म्हणाल्या, माह्या मानसाची बुडवली आन् तुमची लपवून ठेवली. तेव्हापासून त्या आमच्या घरचं पाणी घेत नाहीत. बाबा काही सांगत नाहीत, जेवतही नाहीत. बाबांनी नाही म्हटलं होतं, एवढं रेडिओवर सांगा.’

मी कार्ड घेऊन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "रेडिओचं चुकलं असं रेडिओवर सांगत नसतात." मग म्हणाले, "तुमची बढती निघायची आहे ना?"

मी घाबरलो. उगीच नियमांच्या आड कशाला लपू? कार्ड खिशात घालून मी तीन आठवडे हिंडलो. आपण नुसतं जाऊन सांगितलं तरी पुरे, असं रोज वाटायचं आणि रोज काहीतरी काम निघायचं. शेवटी मार्चच्या मध्यावर रजा टाकली आणि बालाघाटची गाडी धरली.

अंजनानं दार उघडलं. नाव सांगितल्यावर ती बाजूला झाली, या म्हणाली नाही. आत खाटेवर सुखराम बसला होता. फितीवरच्या आवाजावरून मी धिप्पाड माणूस धरून चाललो होतो. हा वाळलेला म्हातारा, तोंडात एक दात नाही.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मीच कापलं, मीच जोडलं, सनई चौपन्न सालची. "आत्ता आनंदीबाईंकडे चला," मी म्हणालो. "त्यांच्यासमोर, सगळ्या वॉर्डासमोर सांगतो. लिहूनही देतो. नोकरी गेली तर जाऊ दे."

"तिले पटलं, बाबू," सुखराम म्हणाला. "परवाच पटलं."

"कसं?"

"तोंडानं सांगून पाह्यलं. आनंदी म्हने, रेडिओत तुमचाच आवाज होता, मी तुमचा आवाज वळखत नाही काय? मंग वारासिवनीच्या एका बँडवाल्याची सनई मांगून आनली. तिच्या आंगनात बसलो. म्हनलो, पाह्य आनंदी, मी लपून वाजवत असन तं आता वाजन. तोंडाले लावली. दात नाही, दम नाही. नुसती हवा निंगाली. पुन्हा फुकली, पुन्हा हवा. ते रडाले लागली. दादा, चुकलं माह्यं, म्हने. काल भाकर घेऊन आलती."

माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटते, पण पडला. मी हसलोसुद्धा. "मग झालं की," मी म्हणालो. "गैरसमज मिटला."

अंजनानं माझ्याकडे पाहिलं आणि ती मागच्या दारानं बाहेर गेली.

"तिचा मिटला," सुखराम म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं. "डोमाजी त्या सबदावर उपाशी राह्यला. कोंडा खाऊन मेला, पन सनईले हात नाही लावला. मी चवदा वर्सं पाळला. परवा तोंडाले लावली."

"पण ती वाजली कुठं, सुखरामजी?"

"मी वाजवनार नाही असं नव्हतो म्हनलो, बाबू. तोंडाले लावनार नाही म्हनलो होतो."

तो नकार मीच कापला होता. शब्दन् शब्द मला पाठ होता.

"चार दिवस आधी आले असते तं," तो म्हणाला. "जाऊ द्या. आता कोनाले काही सांगू नका. तुमच्या रेडिओनं सांगलं ते तवा खोटं होतं. आता खरं झालं."