कोऱ्या पट्टीवरचा विषाणू

कांजूरमार्गच्या एका संशोधनसंस्थेच्या तळघरात निहारची सहा वर्षे सरली होती. तिथले यंत्र चुंबकाच्या जोरावर विषाणूतले हायड्रोजनचे अणू डोलवी आणि केसाहून बारीक अशा पट्टीच्या टोकाला जाणवणारी त्यांची ओढ नोंदवी. असे कणाकणाने चाचपत, विषाणू न फोडता त्याच्या पोटातले चित्र काढायचे. ते निघालेही होते. लेख स्वीकारला गेला होता, आणि पाठ्यवृत्ती याच महिन्यात संपत असल्याने निहारची पुढली नोकरी त्या लेखावरच अवलंबून होती.

राहिली होती ती एकच गोष्ट : विषाणू न ठेवता कोरी पट्टी तपासण्याची. यंत्र थंड व्हायला चार दिवस लागत, द्रव हेलियम मिळवताना नाकी नऊ येत. म्हणून ते काम दर खेपेला पुढे ढकलले गेले. छपाईपूर्व प्रतीवर अखेरची संमती देण्याआधी निहारने ते हाती घेतले, तेव्हा तंत्रज्ञ माणिक हसला होता.

"तुझ्याच मनात चोर, आणि पोलीसही तूच बोलावतोयस?"

गुरुवारी दुपारी पडद्यावर रेघ चढू लागली. विषाणू असताना चढली होती त्याच जागी, तितकीच उंच.

"पट्टी बदललीस ना नक्की?" माणिकने विचारले.

"माझ्या हातांनी."

"मग हे काय रे?"

"मळ. हवेतला ओलावा, तेलकट थर. पट्टीच्या सोन्याच्या मुलाम्यावर बसतो, दिसत नाही. त्यातही हायड्रोजन असतोच." निहारने पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवले. "आणि गोल आकार आपणच गणितात गृहीत धरला होता. मळाचा विषाणू केला आपण."

"वाट लागली, यार."

निहारने मार्गदर्शक मधुवंतीबाईंना फोन लावून स्पीकर चालू केला. "मॅडम, लेख मागे घ्यावा लागेल."

सगळे ऐकून त्या म्हणाल्या, "पुन्हा बघ."

"दोनदा बघितलं."

मग अगदी मृदू स्वरात त्यांनी विचारले, "हे कुणाकुणाला ठाऊक आहे, निहार?"

इतकी वर्षे ज्यांच्या काटेकोरपणाचे तो दाखले देत आला, त्यांचाच हा प्रश्न होता. माणिकने मान फिरवली.

"मला आणि माणिकला," निहार म्हणाला. "आणि आता तुम्हाला."

फोन बंद झाला. त्याने संपादकांना पत्र लिहिले. चार ओळी पुरल्या. पत्र गेले.

"आता?" माणिकने हलकेच विचारले.

"थंडावा बंद कर. होऊ दे गरम." निहार खुर्चीतून उठला नाही. "आत बघण्यासारखं काही नाहीये."